टिक कुठे करायची हे सुचवलं, तर ती वकिली झाली का?

कागदवाली

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते. आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही वैतागून.

मी कॅलिफोर्नियात एलडीए आहे, म्हणजे लीगल डॉक्युमेंट असिस्टंट. वकील नाही. आधी नऊ वर्षं एका वकिलाकडे पॅरालीगल होते, मग स्वतःचं सुरू केलं. ज्यांना वकील परवडत नाही किंवा नको असतो, ते स्वतःची केस स्वतः चालवतात. मी त्यांचे फॉर्म टाइप करून देते, कोर्टात दाखल करते, समोरच्यावर बजावणीची व्यवस्था बघते. इथे २००० सालापासून यासाठी वेगळा कायदा आहे. काउंटी क्लार्ककडे नोंदणी करायची, २५,००० डॉलर्सचा बाँड, म्हणजे नुकसानभरपाईची हमी, द्यायचा, दर दोन वर्षांनी नूतनीकरण. मी तयार केलेल्या कागदांवर माझं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक टाकावाच लागतो. म्हणजे लपूनछपून काही नाही.

पण त्याच कायद्यात माझे हातही बांधलेत. अशिलाने सांगायचं, मी टाइप करायचं. तुझे हक्क काय, पर्याय कोणते, काय केलेलं बरं, यावर अवाक्षर काढायचं नाही. कुठला फॉर्म लागेल हेसुद्धा मी निवडायचं नाही.

आता झालं काय ते सांगते. एक आपलीच मराठी मुलगी आली. लग्नाला चौदा वर्षं झालेली, घटस्फोट सामोपचाराने चाललेला. एफएल-१०० म्हणजे घटस्फोटाचा मूळ अर्ज भरत होतो. त्यात पोटगीच्या भागात एक ओळ आहे. पोटगी देण्याचा कोर्टाचा अधिकार संपवावा, अशी मागणी करणारी. पुढे दोन चौकोन, एक अर्जदारासाठी, एक समोरच्यासाठी. ती म्हणाली, "ताई, मला त्याचा एक डॉलर नको. माझ्या नावापुढे टिक करा, विषय संपवा." मी की-बोर्डवरचे हात काढले. म्हटलं, "या एका चौकोनाबद्दल आधी एखाद्या वकिलाला तासभर भेटून ये, मग मी टाइप करते."

ती घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, ताईंनी थांबायला सांगितलंय. नवऱ्याने वकील केला. मागच्या मंगळवारी त्या वकिलाचं मला पत्र आलं. कलम ६१२५, ६१२६, ६४११, सनद नसताना वकिली केली, वगैरे वगैरे. शेवटी काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीकडे, म्हणजे सरकारी वकिलाकडे, तक्रार करण्याची धमकी.

"वकिलाला भेट" असं सांगणं ही वकिली? मग मुकं बसून टाइप करायचं का?

गोट्या

वकिलांची पोटदुखी, दुसरं काय. धंदा जातो ना. पत्र फाडून टाका.

फिनिक्सकर

गोट्या, पत्र फाडू वगैरे सांगू नकोस रे. ६१२६ फौजदारी आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कागदवाली ताई, मी अ‍ॅरिझोनात हेच काम करते. आमच्याकडे आम्हाला सर्टिफाइड लीगल डॉक्युमेंट प्रिपेअरर म्हणतात. २००३ पासून राज्याच्या सुप्रीम कोर्टाचंच प्रमाणपत्र असतं, परीक्षा असते, दरवर्षी प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. तुमच्यापेक्षा थोडी मोकळीक आहे. प्रक्रिया कशी असते, सर्वसाधारणपणे कोणते पर्याय असतात, ही माहिती देऊ शकते. "तुझ्या केसमध्ये तू हे कर" म्हणाले की रेषा ओलांडली.

ही मोकळीक का, त्यामागे इतिहास आहे. १९६१ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने बार असोसिएशनच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, बाजूने निकाल दिला की घरांच्या व्यवहाराचे कागद टायटल कंपन्या (घराची मालकी तपासणाऱ्या) आणि रिअल इस्टेट एजंट यांनी करणं ही बेकायदा वकिली आहे. एजंट लोक गप्प बसले नाहीत. सह्या गोळा केल्या, प्रश्न मतदानाला टाकला आणि १९६२ मध्ये लोकांनी मोठ्या फरकाने थेट राज्यघटनेत कलम घातलं की एजंटांना असे कागद करता येतील. घटनेत! वकिलांना त्याला आता हातही लावता येत नाही. पुढे ऐंशीच्या दशकात बेकायदा वकिलीविरुद्धचा कायदाच मुदत संपून रद्द झाला. बरीच वर्षं इथे कोणीही उठून कागद करत होतं, त्यात चांगलेही होते आणि लुटारूही. मग २००३ मध्ये कोर्टाने लगाम घातला. तो लगाम म्हणजे आम्ही.

सनदी

मी कॅलिफोर्नियात फॅमिली लॉ आणि प्रोबेट (माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेची कोर्टामार्फत वाटणी) करतो. वकील आहे, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. खालचं सगळं सर्वसाधारण आहे, कोणाच्या केसबद्दल सल्ला नाही.

"वकिलाला भेट" इतकंच म्हटलं असेल तर मला त्यात गैर दिसत नाही. पण ताई, तेवढंच म्हणालात का?

आता रेषा कुठे आहे आणि का आहे ते. कॅलिफोर्नियात दहा वर्षं किंवा त्याहून जास्त टिकलेलं लग्न सर्वसाधारणपणे "दीर्घकाळचं" धरतात. अशा लग्नात पोटगीचा विषय कोर्ट सहसा पुढेही उघडा ठेवू शकतं, दोघांनी लेखी संमतीने बंद केला नसेल तर. म्हणजे चौदा वर्षांच्या संसारानंतर तो चौकोन टिक करणं आणि चार वर्षांनंतर करणं, यात जमीन-अस्मानाचा फरक. फॉर्मवर मात्र दोन्ही चौकोन सारखेच दिसतात. हा फरक समजावून सांगणं म्हणजे वकिली. टायपिंग नव्हे.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. अशील मला जे सांगतं ते गोपनीय असतं, समोरचा वकील मला साक्षीला बोलावून ते वदवून घेऊ शकत नाही. एलडीएला हे संरक्षण नाही. ती मुलगी तुमच्या टेबलाशी बसून नवऱ्याबद्दल, पैशाबद्दल, आणखी कशाबद्दल जे बोलली असेल, ते सगळं तुमच्याकडून वदवून घेता येईल. लोक तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात, कारण तुम्ही ताई आहात. आणि तीच अडचण आहे.

तिसरं, मी चुकलो तर माझ्यावर मालप्रॅक्टिसचा, म्हणजे कामातल्या हलगर्जीचा, दावा होतो, स्टेट बार सनद काढून घेतं. तुमच्या मागे २५,००० चा बाँड. एखाद्याचं ४०१(के), म्हणजे निवृत्तीच्या बचतीचं, खातं वाटणीत चुकलं, तर त्या बाँडमध्ये काय भागणार?

पोळलेला

सनदी, मी तुमच्या बाजूने साक्ष देतो.

सासऱ्यांनी एका कागद करून देणाऱ्याकडून लिव्हिंग ट्रस्ट करून घेतला होता, म्हणजे प्रोबेट टळावं म्हणून हयातीतच मालमत्ता ज्याच्या नावावर करून ठेवतात तो ट्रस्ट. जाड बाइंडर, सोनेरी अक्षरं, आत रंगीत विभाजक. सासूबाई आधीच गेलेल्या. सासरे गेल्यावर बाइंडर उघडला तर ट्रस्टचा दस्त व्यवस्थित, सह्या-नोटरी सगळं जागच्या जागी. पण घराचं डीड, म्हणजे मालकीचा दस्त, ट्रस्टच्या नावावर कधी झालंच नव्हतं. मालमत्तेची यादी, म्हणजे शेड्युल ए, ते पान कोरं. वर फक्त मथळा, आणि एक पिवळी चिकटचिठ्ठी, तिच्यावर त्या माणसाच्या अक्षरात "घराचा पत्ता इथे". तीन वर्षं ती चिठ्ठी तशीच.

फोन केला. तो म्हणाला, "त्यांनी मला डीड करायला सांगितलं नाही. मी अशिलाने सांगितलेलंच करतो, कायदाच तसा आहे." बोललेलं खोटं नव्हतं! वर त्याची नोंदणीही संपलेली निघाली.

घर दहा लाख डॉलर्सचं. प्रोबेट झालं. कॅलिफोर्नियात प्रोबेटच्या वकिलाची फी कायद्यातच लिहिलीये: पहिल्या लाखावर ४ टक्के, दुसऱ्या लाखावर ३, पुढच्या आठ लाखांवर २. करा हिशोब. २३,००० डॉलर्स. आणि ती घराच्या पूर्ण किमतीवर, कर्ज वजा न करता. घरावर चार लाखांचं कर्ज बाकी होतं, ते कोणी विचारलंच नाही.

गोट्या

म्हणजे चूक कागदवाल्याची आणि २३,००० वकिलाला. तरी मी म्हणतो पोटदुखी, तर तुम्ही मला गप्प करता.

सनदी

गोट्या, हा टोला बरोबर लागला. मान्य.

पोळलेला, त्या यादीत घराचा पत्ता लिहिलेला असता, तर डीड नसतानाही अर्ज करून घर ट्रस्टचंच आहे असं कोर्टाकडून ठरवून घेण्याचा मार्ग कॅलिफोर्नियात आहे. १९९३ च्या हेगस्टॅड निकालापासून. प्रोबेटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. त्या पिवळ्या चिठ्ठीऐवजी त्याने पत्ता पानावर लिहिला असता तरी बहुधा वाचला असतात. वाईट वाटलं वाचून.

आणि आता आमच्या बाजूचं खरं सांगतो. सामोपचाराचा घटस्फोट घेऊन कोणी माझ्याकडे आलं तर मी पाच हजारांचा रिटेनर, म्हणजे आगाऊ फी, मागतो. ते "विचार करून सांगतो" म्हणतात आणि जातात. कुठे जातात ते मला चांगलं ठाऊक आहे. नंतर समोर आलेल्या कागदावर एलडीएचा नोंदणी क्रमांक दिसला की आमच्यातले काही चिडतात. पण ज्या कामाला आपण दार लावलं, ते दुसऱ्याने केलं म्हणून चिडायचं कशासाठी?

जॅक्सनव्हिलकर

फ्लोरिडातली रोझमेरी फर्मन कोणाला आठवतेय का? आमच्याच गावची. वकिलांच्या ऑफिसात काम केलेली बाई, नंतर स्वतःची सेक्रेटेरियल सर्व्हिस काढली. ५० डॉलर्समध्ये घटस्फोटाचे कागद करून द्यायची. १९७९ मध्ये फ्लोरिडा सुप्रीम कोर्टाने तिला मनाई केली. कारण ती नुसतं टाइप करत नव्हती, काय लिहायचं तेही सांगायची. त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका बाईच्या खटल्यात कोर्ट म्हणालं होतं की कोरे फॉर्म विका, अशिलाने लिहून दिलेलं टाइप करा, चालेल. पण प्रश्न विचारून, उत्तरं सुचवून भरायचे नाहीत. फर्मनबाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. १९८४ मध्ये कोर्टाच्या अवमानाबद्दल प्रत्यक्ष ३० दिवस भोगायची कैद झाली. देशभर बोभाटा. शेवटी गव्हर्नर बॉब ग्रॅहम यांनी माफी दिली आणि तुरुंग टळला.

एक गंमत लक्षात घ्या. तिच्यावर तक्रार गिऱ्हाइकांनी केली नव्हती. बारने केली होती.

आज फ्लोरिडाच्या फॅमिली कोर्टाच्या फॉर्मवर खाली चक्क रकाना असतो: वकील नसलेल्या कोणी हा फॉर्म भरायला मदत केली असेल तर नाव-पत्ता लिहा.

टेक्सासकर

तिकडे बाई तुरुंगापर्यंत जाते, आणि सॉफ्टवेअरचं बघा. आमच्या टेक्सासमध्ये १९९९ च्या जानेवारीत फेडरल कोर्टाने मृत्युपत्र वगैरे बनवून देणारं एक सॉफ्टवेअर बेकायदा वकिली ठरवून विक्रीला मनाई केली. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला: पुस्तकं, फॉर्म, सॉफ्टवेअर ही वकिली नाही, फक्त "हे वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही" असं ठळक लिहा. निकाल गेला कचऱ्यात. सॉफ्टवेअर तुम्हाला एकामागोमाग एक प्रश्न विचारतं आणि उत्तरांवरून कलमं निवडतं. फर्मनबाई वेगळं काय करत होती?

सनदी

वेगळं एवढंच की सॉफ्टवेअर "अगं, थांब जरा" म्हणत नाही. 🙂 सगळीच राज्यं टेक्साससारखी नरमली नाहीत, नॉर्थ कॅरोलायनात लीगलझूम (ऑनलाइन कागद बनवून देणारी कंपनी) आणि स्टेट बारचं भांडण २०१५ च्या तडजोडीपर्यंत चाललं. पण तुमचा मुद्दा रास्त आहे.

मधुरा

मध्येच विचारतेय, माफ करा. माझाही एफएल-१०० समोर आहे. लग्नाला साडेनऊ वर्षं. विभक्त झाल्याची तारीख कोणती टाकू? तो मार्चमध्ये घराबाहेर गेला पण बोलणं आधीच बंद होतं. त्या पोटगीच्या ओळीत "नंतर ठरवावं" टिक केलं तर चालेल ना?

कागदवाली

मधुरा, मला याचं उत्तर देता येत नाही गं.

सनदी

मलाही नाही, इथे तर नाहीच. तुझ्या काउंटीच्या कोर्टात सेल्फ-हेल्प सेंटर आहे, फॅमिली लॉ फॅसिलिटेटर असतात, ते वकील असतात आणि फुकट असतात. जा. तारखेचा प्रश्न पहिला विचार. तो तुला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

मधुरा

दोघांनाही माहितीये आणि दोघंही सांगत नाहीत. वा.

एल्मावशी

मला वाटतं आपल्या लोकांचा घोळ वेगळ्याच शब्दाने होतो. "नोटरी". भारतात नोटरी म्हणजे काळा कोट, बऱ्याच वर्षांची वकिली झाल्यावर मिळालेला शिक्का. इथे नोटरी म्हणजे ओळखपत्र बघून तुमच्या सहीची खातरजमा करणारा माणूस, बस. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी नातेवाइकाच्या ग्रीन कार्डचे कागद अशाच एका नोटरीकडून करून घेतले, "अहो, शिक्का आहे त्याचा" म्हणून. स्पॅनिश बोलणाऱ्यांच्यात "नोतारियो"चा हाच घोळ. कॅलिफोर्नियात तर तो शब्द जाहिरातीत वापरायलाच बंदी आहे. इमिग्रेशनचे कागद करणाऱ्यांना इथे वेगळी नोंदणी आणि एक लाखाचा बाँड लागतो. एलडीए वेगळे, इमिग्रेशन कन्सल्टंट वेगळे, दिवाळखोरीचे अर्ज करणारे आणखी वेगळे. त्यांना तर फेडरल कायद्याने जाहिरातीत "लीगल" हा शब्दही वापरता येत नाही. सामान्य माणसाने हे लक्षात तरी कसं ठेवायचं?

कागदवाली

सनदी, तुम्ही विचारलंत म्हणून प्रामाणिकपणे लिहिते. वर सगळं लिहिलं नव्हतं. ती उठताना मी दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "चौदा वर्षं झालीत तुमच्या लग्नाला. तेवढं वकिलाला नक्की सांग." एवढंच. पण ती हुशार आहे, घरी जाऊन तिने

सनदी

ताई, थांबा. इथे एक अक्षरही पुढे लिहू नका. तुमचं-माझं वकील-अशील नातं नाही. हा धागा कोणीही वाचू शकतं, तो वकीलसुद्धा. मराठी आहे म्हणून कोणाला कळणार नाही असं समजू नका, नवरा मराठीच आहे. उद्याच स्वतःसाठी वकील गाठा आणि पत्राचं उत्तर त्याच्याकडून जाऊ द्या.

गोट्या

बाप रे. पत्र फाडलं तर नाही ना?

फिनिक्सकर

"चौदा वर्षं झालीत हे वकिलाला सांग." माझ्या राज्यात कदाचित ही माहिती ठरली असती, तिच्या राज्यात कदाचित सल्ला. वाक्य तेच, मधे फक्त राज्याची सीमा. आणि कोणी म्हणू नये की वकील हे बदलूच देत नाहीत, आमच्याकडे २०२१ पासून लीगल पॅराप्रोफेशनल, म्हणजे वकील नसलेले परवानाधारक, आलेत, घटस्फोटाच्या केसमध्ये कोर्टात उभेही राहतात. उलट वॉशिंग्टनने २०१२ मध्ये मोठ्या थाटात असा परवाना काढला, सुरुवातीला ३,००० तासांच्या उमेदवारीची अट घातली, आणि २०२० मध्ये नवीन परवाने थांबवायचं ठरवलं. खर्चाच्या मानाने माणसं फारच थोडी आली म्हणून. इतकी अट घातल्यावर येणार कोण?

पोळलेला

माझं मत बदललं असं नाही, पण एक सांगतो. आमच्या माणसाने सासऱ्यांना दारापर्यंत येऊन एवढंच म्हटलं असतं ना, "आजोबा, घराचं डीड कोणालातरी विचारा", तर मी त्याचे पाय धरले असते.

कागदवाली

पाच आठवड्यांनी येतेय. त्या प्रकरणाबद्दल काही लिहिणार नाही, वकिलीणबाईंनी सक्त ताकीद दिलीये. (तासाचे ४०० डॉलर्स. माझं अख्खं एक घटस्फोटाचं काम सातशेत होतं. असो.)

त्यांनी एक गोष्ट शिकवली, ती लिहायला हरकत नाही. माझ्या कायद्यात एक जागा आहे, मी वर्षानुवर्षं वाचूनही नीट वापरली नव्हती. वकिलाने लिहिलेली किंवा मंजूर केलेली, छापील, सर्वसाधारण माहिती मला देता येते. तेव्हा आता एफएल-१०० च्या प्रत्येक अशिलाला, लग्न दोन वर्षांचं असो की तीस वर्षांचं, तीच दोन पानं मिळतात. त्यांनी लिहिली आहेत, खाली त्यांचं नाव आहे. विभक्त झाल्याची तारीख, दहा वर्षांची गोष्ट, ४०१(के) वाटायला कोर्टाचा वेगळा आदेश लागतो ते, आणि माझ्याशी बोललेलं गोपनीय नाही हेही. शेवटी सेल्फ-हेल्प सेंटरचा पत्ता आणि वेळ. मी फक्त पानं पुढे सरकवायची, बोट कुठल्याही ओळीवर ठेवायचं नाही. "बोटही नाही," असं त्या म्हणाल्या.

काल एक बाई आल्या. दोन्ही पानं चष्मा लावून सावकाश वाचली, एकीकडे दुमडून ठेवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं, मग टिक कुठे करू?"

गोट्या

मग?

कागदवाली

मग काय. पाणी आणून दिलं आणि पानं परत समोर ठेवली.